बिनधुराची चूल

माझ्या हातून एकदा एक शोध लागता लागता राहिला. ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला फराळाच्या वेळी मुलांना सांगितली जाते. सांगणारा मी आणि हसणारी बाकी सगळी मंडळी. गंमत अशी की त्या वेळी नेमके काय झाले, ते मला दर वेळी सांगता सांगता निराळेच कळते, आणि पानसुपारी होईपर्यंत काहीच कळले नव्हते असे वाटू लागते. म्हणून म्हटले, एकदा कागदावर उतरवून पाहावी. कागदावर तरी ती एका जागी बसेल.

तेव्हा मी ठाण्यास बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढीत असे. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर पागोटे आणि पागोट्याखाली कल्पनांचा बाजार. मोऱ्या, पूल, धर्मशाळांच्या भिंती यांची मापे कागदावर चढवता चढवता माझी अशी समजूत झाली होती की जगातल्या प्रत्येक अडचणीचा एक नकाशा असतो. तो मापात काढला की अडचण आपण होऊन उठून जाते.

घरात आम्ही तिघे. मी, माझी बायको आणि माझी विधवा आत्या. आईच्या मागे आत्यानेच मला वाढवले, त्यामुळे घर तिच्या शब्दावर चाले. वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोने एकमेकांशी बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. आणि आत्या घर सोडून कुठे जात नसे. तेव्हा मला बायकोस काही सांगायचे असले की मी ते आत्यास सांगे, आत्या तिला सांगे, ती आत्यास उत्तर देई आणि आत्या ते मला पोचते करी. हे सर्व पुष्कळदा तिघे एकाच खोलीत, हातभर अंतरावर असताना चाले. जो थोडका एकांत मिळे त्यात चुलीचा विषय काढण्याइतका मी अरसिक नव्हतो. आता वाटते, असतो तर बरे झाले असते.

एका हिवाळ्यात जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. आमच्या घरात हे नवल होते. माझी बायको तांदूळ निवडायला बसली की खडाच काय, तुटका दाणासुद्धा सुटत नसे. दोन दिवसांनी तिने ताक वाढले ते वाटीच्या बाहेर.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं?" आत्या म्हणाली.

तिने सांडलेले ताक पदराने पुसून घेतले. मी मान वर करून पाहिले तेव्हा तिच्या पापण्या सुजलेल्या आणि डोळे कुंकवासारखे लाल दिसले. आमचे स्वयंपाकघर म्हणजे एक दार आणि एक कवडसा. तिथे ती पहाटेपासून धुरात बसलेली असे.

मी कचेरीतून येताना सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरास विचारले. तिला नेले नाही. तसे नेण्याची पद्धत नव्हती. मी तिच्या डोळ्यांचे वर्णन केले आणि डॉक्टराने माझ्या वर्णनास औषध दिले. वर म्हणाला, "धूर थांबवा. नाहीतर बुबुळावर पांढरा पडदा धरेल. एकदा धरलेला पडदा उतरत नाही."

ती बावीस वर्षांची होती. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी जे करतो तेच केले: घरी येऊन नकाशाचा कागद ताणून बसवला.

बिनधुराची चूल बांधायची. धूर वर न जाता मागच्या बाजूने नळात शिरेल, नळ भिंतीतून बाहेर पडून छपराच्या वर तोंड काढील. साहेबांच्या बंगल्यातल्या धुराड्यांचे नकाशे मी उतरवले होतेच. तशा जातीचे काही आपल्या मातीच्या चुलीला लावायचे, एवढेच काम.

पहिली पंचाईत मापाची. चूल सोवळ्यात. जेवायला मी सोवळे नेसून आत बसे खरा, पण गजपट्टी ओवळी; ती आत नेता येईना. मग मी दाराबाहेर उभा राहिलो आणि आत्याने वितीने माप घेतले.

"लांबी साडेतीन वीत," ती आतून म्हणाली.

"वीत ताणून की सैल?"

"हे बघ, वीत म्हणजे वीत. तुझ्या मुंजीचं तबक मी याच वितीनं मापून आणलं होतं, ते बरोबर बसलं होतं."

मी माझ्या वितीने हिशेब केला. कल्याणच्या कुंभारवाड्यातल्या एका कुंभारास नळ सांगितले. तो चित्र उलटेसुलटे करून म्हणाला, "रावसाहेब, ही मडकी आहेत, फक्त बूड विसरलेली." नळ आले ते जागेत मावेचनात. आत्याची वीत माझ्या वितीहून दोन बोटे लहान होती. कुंभार दुसऱ्यांदा नळ घेऊन आला तेव्हा त्याने आत्याकडे, माझ्याकडे आणि नळाकडे पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारले, "या वेळी कुणाचा हात?"

दुसरी पंचाईत जागेची. चिखल मळायला, नमुने वाळवायला, नळ ठेवायला जागा हवी. घराच्या मागे एक पडवी होती, त्यात जळाऊ लाकडे रचलेली असत. येऊरच्या डोंगरातून मोळ्या येत, कधी कोलशेतच्या बाजूने गाडी येई. वर्षाची बेगमी पडवीत होई. मी वैशाखात ती लाकडे बाहेर काढवली, परसात रचून त्यांवर झावळ्यांची झापे टाकवली आणि पडवीत माझे दुकान मांडले. कुणी काही म्हटले नाही. मला वाटले, सगळ्यांना पटले आहे.

चूल तयार झाली. आत्याने पंचांग पाहून दिवस ठरवला, चुलीची पूजा झाली, बायकोने दूध उतू घातले. मी दाराबाहेरून पाहत होतो. धूर नळात शिरला! छपरावरून तो असा निघाला की शेजारचे काका आग लागली म्हणून कळशी घेऊन धावत आले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना पेढे दिले.

आता प्रयोग शास्त्रशुद्ध व्हायला हवा. मी एक युक्ती केली. चुलीच्या वर, बायकोच्या डोळ्यांच्या उंचीवर, पांढऱ्या कागदाचा चौकोन टांगायचा; तो आठ दिवसांनी उतरवायचा आणि किती काळा झाला ते वहीत लिहायचे. आत्याने "कागद सोवळ्यात कसा चालेल?" म्हणून विचारले, तेव्हा आमच्या भटजींकडे गेलो. त्यांनी पुष्कळ विचार करून, कागद कोरा असल्यास आणि त्यास कोणी शिवत नसल्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. शेजारच्या काकांकडे जुन्या तऱ्हेच्या चुलीवरही एक कागद टांगला होता; तो आठ दिवसांत तव्यासारखा झाला होता. नव्या चुलीवरचा कागद आठ दिवसांनी पाहिला तर जेमतेम पिवळसर.

मी आत्यास म्हटले, "तिला विचार, चूल कशी आहे?"

आत्या आत गेली. आत कुजबुज झाली. ती बाहेर आली.

"बरी आहे म्हणते."

"धूर लागतो का?"

पुन्हा आत, पुन्हा कुजबुज. या वेळी थोडी लांब.

"बरी आहे म्हणते."

मी वहीत लिहिले: चूल समाधानकारक. आमच्या गावच्या वाचनालयात पावसाळ्यानंतर निबंध वाचायचे कबूलही करून टाकले.

आणि इथून माझ्या डोक्याचा गोंधळ सुरू झाला. आषाढ गेला, श्रावण लागला, कागद पांढरा तो पांढराच आणि तिचे डोळे लाल ते लालच. लाल कसले, जास्तच. नागपंचमीला तिने पाटावर नाग काढला त्यास दोन शेपट्या आल्या. मी कागदाकडे पाही, डोळ्यांकडे पाही, पुन्हा कागदाकडे पाही. धूर तर नाही. मग डोळे कशाने जळतात?

मला वाटले, नळाच्या सांध्यातून बारीक धूर झिरपत असेल, कागदावर न दिसणारा. सांधे लिंपायचे तर चूल गार हवी. ती गार सापडे महिन्यातले चारच दिवस. बायको बाहेरची होई तेव्हा ती मागच्या खोलीच्या कोपऱ्यात वेगळी बसे. स्वयंपाक आत्या करी, तोही एकवेळचा. दुपारनंतर चूल मोकळी. मी बाहेरच्या बाजूने नळाचे सांधे चिखलाने लिंपत असे आणि चौथ्या दिवशी लांबूनच बायकोच्या डोळ्यांकडे पाहत असे. काय सांगू! डोळे निवळलेले. पापण्या उतरलेल्या. मी वहीत लिहिले: सांधे लिंपल्याने गुण आला.

पाचव्या दिवशी ती न्हाऊन घरात आली. आठव्या दिवशी डोळे पुन्हा लाल. मी लिहिले: सांधे पुन्हा उकलले असावेत.

पुढल्या महिन्यात मी चिखलात तूस मिसळले. चौथ्या दिवशी डोळे स्वच्छ. नवव्या दिवशी लाल. त्याच्या पुढल्या महिन्यात शेण आणि राख. पुन्हा तेच. त्या चार दिवसांत तिला घरातल्या कुठल्याच कामाला शिवायचे नसते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. गावातल्या शेंबड्या पोरासही ठाऊक होती. त्या चार दिवसांत मलाही गार पाण्याने अंघोळ करावी लागे, कारण आत्याच्याने दोन दोन विस्तव होत नसत. मी त्याबद्दल कुरकुरही करी. पण वहीत अंघोळीचा रकाना नव्हता.

असे तीन महिने मी चिखलाचे मिश्रण बदलत होतो आणि तिच्या डाव्या डोळ्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका धरत होता.

तो ठिपका प्रथम कुंभाराने पाहिला. तो आणखी एक नळ घेऊन आला होता आणि ती विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "रावसाहेब, नळ राहू द्या. आमच्या कल्याणला एक म्हातारे डॉक्टर आहेत, पलटणीत होते. माझ्या सुनेचा डोळा त्यांनी राखला. वहिनींना घेऊन या. पण त्यांनाच घेऊन या. नुसते तुम्ही येऊ नका."

आत्या आधी नको म्हणाली, मग तो ठिपका जवळून पाहून तिनेच पुरचुंडीत दशम्या बांधून दिल्या. आगगाडीत ती बायकांच्या डब्यात, मी पुढच्या. कल्याणास उतरून मी पुढे चाललो, ती दहा पावले मागे. मी बगलेत वही धरली होती.

डॉक्टर म्हातारे, मिशा पिवळ्या पडलेल्या, बोलण्यात पलटणीचा सपाटा. त्यांनी तिला उजेडात स्टुलावर बसवले, पापणी उलटून पाहिली.

"धूर कधी लागतो?"

"आता लागत नाही," मी म्हणालो. "मी चूल अशी बांधली आहे की धूर मागच्या बाजूने—" आणि वही उघडली.

"डोळे कुणाचे दुखतात?"

"हिचे."

"मग तुम्ही त्या बाकावर बसा. कान उघडे ठेवा, तोंड मिटून." आणि तिच्याकडे वळून, "हं, बाई. तुम्ही सांगा. धूर कधी लागतो?"

तिने पदर कपाळावर ओढला. मग तोंड औषधांच्या कपाटाकडे करून बोलली. जणू काही कपाटाने विचारले होते.

"पहाटेचा. न्हाणीतल्या चुलाणाचा. पाणी तापवताना."

"काय जाळता त्यात?"

"लाकडं. ओली असतात."

"घरात सुकी नाहीत?"

"थोडी निघतात निवडून. ती चुलीला ठेवते."

"का? चुलाणाला का नाही?"

मी बाकावर पुढे सरकलो.

"चुलीचं इकडून वहीत लिहिणं चालतं," ती म्हणाली. "वर कागद टांगलाय. कागद काळा झाला की इकडे दोन दिवस जेवण जात नाही. म्हणून सुकी तेवढी चुलीत घालते. ओली चुलाणात जातात. तिथे कागद नाही."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. मी वहीकडे पाहत होतो.

"लाकडं ओली का? घराला पडवी नाही?"

"आहे. तिथे इकडचं काम चालतं."

डॉक्टरांनी औषधाच्या पाण्याने तिचे डोळे धुतले. "वहीवाले, या इकडे," म्हणाले. उजवा डोळा राहील. डाव्यातला ठिपका आहे तो जाणार नाही, त्या डोळ्याने आता अंधुकच दिसेल; वाढू नये एवढे पाहायचे. "आणि तुमच्या अंघोळीला किती पाणी लागतं?"

"एक हंडा," मी म्हणालो.

त्यांनी हात धुतले आणि पुढल्या रोग्यास हाक मारली. रागावले असते तर बरे वाटले असते.

स्टेशनाकडे परतताना मी चाल मंदावली. तीही मंदावली. दहा पावलांचे अंतर काही मोडेना. शेवटी मी एका पिंपळाखाली थांबलो, तेव्हा तिला जवळ येणे भागच पडले. ओळखीचे कोणी नव्हते.

"आत्यापाशी तरी बोलायचं होतंस."

"बोलले की. दोनदा. लाकडं आत घ्या म्हटलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, एवढा खपतोय तो तुझ्यासाठी. त्याला नाउमेद नको करू."

मला तिचा राग आला, आत्याचा आला, आणि मग तो राग ठेवायला जागाच सापडेना. तिने माझ्यासाठी झाकले, आत्यानेही माझ्यासाठीच झाकले, आणि मी तर सगळे तिच्यासाठीच करीत होतो. तिघेही एकमेकांसाठी झटत होतो आणि त्यात डोळा गेला. हे मी आजवर कितीदा तरी जुळवून पाहिले आहे. एक तुकडा नेहमी उरतो.

"बरं, चूल तरी कशी आहे? खरं सांग."

"बरी आहे."

"अगं, खरं सांग म्हटलं ना."

"धूर नाही तिचा. ते खरंच. पण नळासाठी तोंड फिरवलंत, त्यामुळे बसलं की समोर भिंत येते आणि दार पाठीशी. कोण आलं, कोण गेलं कळत नाही. मांजर दूध पिऊन जातं, ते वाटी वाजली की कळतं." आणि मग, "आत्याबाई मागून येतात तेव्हा दचकायला होतं."

एवढे लांब ती माझ्याशी रस्त्यात कधीच बोलली नव्हती. गाडीची घंटा झाली म्हणून थांबली.

त्याच दिवशी मी पडवी रिकामी केली. नळ परसात, नमुने उकिरड्यावर, लाकडे आत. आत्या दारात उभी राहून पाहत होती.

"म्हणजे माझ्यामुळे तिचा डोळा गेला, असं म्हणायचंय तुला?"

"मी काही म्हटलं नाही, आत्या."

"तेच तर. लहानपणी तुझा पहिला पतंग फाटला तर तीन दिवस कुणाशी बोलला नव्हतास. मला काय ठाऊक, आता कशानं फाटशील!" त्या दिवशी ती जेवली नाही. तिला कोणी आग्रह करावा, मी की बायकोने, ते आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी दोघेही जेवलो नाही.

राहता राहिला निबंध. वाचनालयात तो जाहीर झाला होता. मी जे घडले ते सारे लिहून काढले. ओली लाकडे, चुलाण, पडवी, सगळे. गावची शिकलेली मंडळी जमली होती. वाचता वाचता पडवीशी आलो तेव्हा ती हसली. त्यांना वाटले मी रंजनासाठी घातले आहे. नंतर प्रश्न आले. नळाचा व्यास किती? नकाशा मिळेल काय? एका वकिलांनी विचारले, "चूल बांधण्याआधी बायकांना विचारायचे म्हटले तर चुली होतील कधी?" यावर टाळ्या पडल्या. मग एक वृद्ध शास्त्री उठले आणि त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, "मग तुमचा प्रयोग सिद्ध झाला म्हणायचा की फसला?"

मी तोंड उघडले. चूल चालते आहे. कागद पांढरा आहे. धुरासाठी चूल नव्हती, डोळ्यांसाठी होती. एक डोळा राहिला. तो चुलीने राहिला का डॉक्टरांनी, का पडवीने? अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगून माझी सुटका केली. शास्त्रीबुवा अजून भेटतात. पुन्हा कधी विचारत नाहीत, पण पाहतात तसेच.

चुलीचे तोंड आम्ही नंतर फिरवले. जुनी मोडल्यावर सोवळे उरले नव्हते, तरी या वेळी गजपट्टी नव्हती. ती बसली, म्हणाली, इथे, आणि कुंभाराने तिथे खूण केली. नळाला एक वाकडे वळण द्यावे लागले, त्यामुळे वारा फिरला की थोडा धूर आत येतो. तिने हे आधीच सांगून ठेवले होते की चालेल, दार दिसले पाहिजे. मला ते पटले का? कागद टांगला असता तर काळा झाला असता.

आता मुले मोठी झाली, आत्या थकली, आणि तिच्या देखत आम्ही थोडे थोडे बोलतो. ती ऐकू येत नसल्याचे दाखवते. पहाटे चुलाण पेटले की मी न्हाणीच्या दाराशी जातो आणि विचारतो,

"धूर लागतोय का?"

"नाही हो."

खरे असेलही. पण कल्याणचा तो दिवस झाल्यापासून तिच्या 'नाही'चे माप मला घेता येत नाही. कोणासाठी म्हणते आहे, डोळ्यांसाठी की माझ्यासाठी? म्हणून मी दार लोटून आत जातो आणि पाण्याला आधण येईपर्यंत तिच्या शेजारी उकिडवा बसतो.

"पुरुषासारखा पुरुष न्हाणीत काय बसलाय?" आत्या माजघरातून ओरडते.

"काम आहे," मी म्हणतो.

"सरका जरा," बायको म्हणते, "फुंकणी घ्यायची आहे." मी सरकतो. डोळे पुशीत बसतो. आज किंचित चुरचुरले. लाकूड बाभळीचे आहे म्हणून, की वारा फिरला म्हणून, ते विचारायचे राहिले.